व्यवहार-विवेक : शहाण्याने चढावी अशी पायरी



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या पेढ्यांवर जितक्या निष्ठेने पाळली जाते तितकी अन्यत्र क्वचितच पाळली जात असेल. उधारी बुडाली तर आपण ती बुडीत खाती लिहितो, भावाभावांत वाटणीचा वाद झाला तर समाजातील चार वडीलधाऱ्यांना बसवून मिटवतो. वकील असूनही मी या वृत्तीची कधी थट्टा केलेली नाही. उधारीच्या दाव्यासाठी आलेल्या कित्येकांना मी स्वतः ‘सोडून द्या’ म्हणून परत पाठवले आहे. परंतु या महिन्यात ज्या विषयावर लिहीत आहे, तेथे ही म्हण पाळणे शहाणपणाचे ठरत नाही, आणि ती पाळल्यामुळे एका तरुण कुटुंबाचे पुढील तीस-चाळीस वर्षांचे जगणे कसे धोक्यात आले होते ते मी जवळून पाहिले आहे. कुटुंबाच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने, ते येथे मांडतो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. मलकापूर, नांदुरा, खामगाव ही आपली व्यापाराची गावे याच रस्त्यावर वसली. समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर खासगी बसला आग लागून २५ प्रवासी दगावले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष आपल्या जिल्ह्याकडे वळले होते. एकट्यादुकट्या मोटारीच्या अपघाताची मात्र वर्तमानपत्रात चार ओळींचीही बातमी होत नाही. असाच एक अपघात दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, दिवेलागणीच्या सुमारास झाला. किराणा आणि धान्याचा व्यापार करणाऱ्या पेढीतील चौतीस वर्षांचा मुलगा अकोल्याहून वसुली करून एकटाच परत येत होता. समोरून चुकीच्या बाजूने आलेल्या मालट्रकने मोटारीला धडक दिली. पाय मोडला होता, पण पायाकडे पाहायला कोणालाच सवड नव्हती, कारण मुलगा शुद्धीवर नव्हता. अकोल्यास शस्त्रक्रिया झाली, अकरा दिवस कृत्रिम श्वासावर गेले, आणि दीड महिन्याने तो स्वतःच्या पायांनी, कुबडी घेऊन का होईना, घराच्या पायऱ्या चढला. घरात आनंदीआनंद झाला. स्थानकात जाऊन सर्वांनी मांगलिक ऐकले. ‘मोठ्या संकटातून वाचलो’ असे जो तो म्हणू लागला.

पहिली शंका त्याच्या पत्नीला आली. दुकानात बसू लागल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने एकाच गिऱ्हाईकाला सुटे पैसे दोनदा दिले. नंतर असे वरचेवर होऊ लागले. पूर्वी पाच पिढ्यांची नाती आणि पन्नास खाती तोंडपाठ असणारा माणूस समोरच्या दलालाचे नाव आठवताना अडखळू लागला. संध्याकाळी डोके धरून बसे. लहान मुलीने खेळताना आवाज केला म्हणून तिच्या अंगावर धावून गेला, आणि नंतर स्वतःच तासभर रडत राहिला. आणखी एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. तुरीचा मूठभर नमुना हातात घेऊन नाकाशी नेण्याची त्याची जुनी सवय होती. कोठीत कुबट झालेली डाळ तो वासावरून ओळखे, हिंगाची भेसळ त्याला डबा उघडताच कळे. आता तो मूठ नाकाशी नेई, थोडा वेळ तशीच धरी आणि काही न बोलता खाली ठेवी. डोक्याला जबर मार बसला की वासाचे सूक्ष्म मज्जातंतू तुटतात, आणि गेलेला वास पुष्कळांना परत येत नाही. ज्याचा व्यापारच नाकावर चालतो त्याची ही हानी एक्स-रेवर दिसत नाही की हाताला लागत नाही.

पत्नीचे म्हणणे सासऱ्यांना पटत नव्हते. ‘अशक्तपणा आहे, जाईल,’ असे ते म्हणत. अपघाताला चार महिने झाल्यावर, तिच्या माहेरच्यांच्या आग्रहाने, ते दोघे माझ्याकडे आले. बाबूजींनी (त्यांना घरात आणि बाजारात सर्वजण असेच म्हणतात) बसताक्षणीच सांगितले, “वकीलसाहेब, सूनबाईच्या समाधानासाठी आलो आहे. मला कोणावर दावा लावायचा नाही. तो ट्रकवाला गरीब माणूस आहे. त्याची बायको दवाखान्यात येऊन माझ्या पाया पडून गेली. मी त्याला मनापासून क्षमा केली आहे. जे झाले तो आपल्या कर्माचा उदय. त्यावर पैसे मागणे मला शोभत नाही.”

वाचकहो, या बोलण्यात खोट नव्हती. संवत्सरीला जो खरोखर क्षमा मागतो आणि देतो, असा हा माणूस आहे. मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. त्या त्यांना लगेच पटल्या असे नाही. पहिली अशी की, दावा हा ट्रकचालकाशी वैर धरणे नव्हे. चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही प्रतिवादी करावे लागते हे खरे, पण विमा चालू असेल तर रक्कम साधारणतः विमा कंपनी भरते. प्रत्येक वाहनाचा तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा केला तो याचसाठी. बाबूजींच्या स्वतःच्या दोन टेम्पोंचा हप्ता ते वर्षानुवर्षे भरत आले आहेत. त्या सामाईक निधीत त्यांचाही पैसा आहे. दुसरी अशी की, कर्माचा उदय मानणारा माणूस औषध घेणे थांबवत नाही. अकोल्याला शस्त्रक्रिया करताना त्यांनी तो प्रश्न विचारला नव्हता, मग शस्त्रक्रियेनंतरच्या चाळीस वर्षांच्या खर्चापाशी तो का विचारावा? तिसरी गोष्ट सांगताना मला संकोच वाटला, पण सांगितली. क्षमा ज्याची त्याने करायची असते. बाबूजींनी आपल्या दुःखाची क्षमा केली, ती त्यांना शोभून दिसते. परंतु सूनबाईच्या आणि सहा वर्षांच्या नातीच्या हक्कावर उदक सोडण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला होता?

सूनबाई तोवर एक शब्दही बोलली नव्हती. तेव्हा तिने पिशवीतून एक शाळकरी वही काढून टेबलावर ठेवली. तिच्याविषयी पुढे येईलच.

चार महिने उलटून गेले होते, म्हणून प्रथम मुदतीचा विचार करावा लागला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा, अशी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा लागू झाली आहे. त्याआधी बरीच वर्षे अशी मुदतच नव्हती, त्यामुळे जुन्या जाणत्यांचे ‘केव्हाही करता येतो’ हे म्हणणे आता धोक्याचे आहे. या मुदतीच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने, प्रकरण प्रलंबित असेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणाने अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला. तथापि अंतरिम आदेशाच्या भरवशावर राहणे म्हणजे दुसऱ्याच्या हुंडीवर आपला माल उचलणे होय. सहा महिन्यांचा हिशोब धरूनच चालावे. अर्ज कोठे करावा याविषयी कायदा उदार आहे. अपघात कोठेही घडो, जखमी व्यक्ती जेथे राहते किंवा व्यवसाय करते त्या क्षेत्रातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. नाशिकजवळ अपघात झाला म्हणून आपल्या जिल्ह्यातील माणसाला नाशिकच्या खेपा घालण्याचे कारण नाही.

पोलिसांवरही कायद्याने जबाबदारी टाकली आहे. तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याविषयी देशभर निर्देश दिले. प्रत्यक्षात काय होते ते आपण जाणतो. म्हणून एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, ट्रकच्या विम्याची आणि परवान्याची प्रत, रुग्णालयातील पहिली नोंद यांच्या प्रती कुटुंबाने आपणहून गोळा कराव्यात. उपचाराच्या सुरुवातीच्या खर्चासाठी मे २०२५ पासून केंद्र सरकारची रोखरहित उपचार योजना आहे. तिच्यात नियुक्त रुग्णालयात पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो. तिचा लाभ घेतल्याने मुख्य दाव्याला बाधा येत नाही. बाधा येते ती दुसऱ्याच एका ठिकाणी. कलम १६४ मध्ये, चूक कोणाची हे सिद्ध न करता, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळण्याची सोय आहे. रुग्णालयाच्या बिलाने गांजलेल्या माणसाला ती रक्कम मोठी वाटते. पण ती त्या कलमाखाली एकदा स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपुष्टात येतो. पाय मोडलेल्या माणसाने ती घेतली तर एक वेळ चालेल. डोक्याला मार बसलेल्याने दहा वेळा विचार करावा.

कारण डोक्याची जखम ही मोजायला फार अवघड जखम आहे. शुद्ध किती हरपली हे मोजण्यासाठी डॉक्टर १९७४ साली ग्लासगो येथे तयार झालेले तीन ते पंधरा गुणांचे मोजमाप वापरतात. आमच्या या मुलाला पहिल्या रात्री नऊ गुण होते. ते गुण त्या रात्रीची अवस्था सांगतात, दोन वर्षांनंतर तो व्यापार करू शकेल की नाही हे सांगत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये रक्ताची गाठ दिसते, पण स्मृती, निर्णयशक्ती, संयम यांची झीज तिच्यात दिसेलच असे नाही. काही रुग्णांना महिन्यांनंतर, क्वचित वर्षांनंतर, फिट्स सुरू होतात. त्यामुळे अपंगत्वाचे प्रमाणपत्र प्रकृती स्थिरावल्यावर, साधारण वर्ष-दीड वर्षाने घ्यावे असे तज्ज्ञ सांगतात. अर्ज मात्र सहा महिन्यांत दाखल करून ठेवायचा. या दोन घड्याळांची गल्लत करणारी अनेक कुटुंबे मी पाहिली आहेत. ‘आधी पूर्ण बरा होऊ दे, मग पाहू’ म्हणतात, आणि तोवर मुदत निघून जाते.

प्रमाणपत्रावरील टक्का म्हणजे भरपाईचा टक्का नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या ऑक्टोबर २०१० च्या निकालात स्पष्ट केले. हात गमावलेला सुतार किंवा वाहनचालक जवळजवळ संपूर्ण कमाई गमावतो, कारकून मात्र तशाच हानीनंतरही नोकरीवर टिकू शकतो. म्हणून शरीराचे अपंगत्व किती, हे पाहून थांबायचे नाही. त्या माणसाच्या त्या व्यवसायातील कमाईची क्षमता किती गेली, हे न्यायाधिकरणाने ठरवायचे. व्यापाऱ्याच्या बाबतीत हा विचार फार महत्त्वाचा आहे. मंडळाने मुलाचे अपंगत्व चाळीस टक्के लिहिले. पण भाव लक्षात ठेवणे, माणूस ओळखणे, सौदा करताना जिभेवर ताबा ठेवणे, मालाचा वास घेणे, हे सारे ज्याच्याकडून गेले त्याच्या व्यापाराचे चाळीस टक्केच गेले काय?

मेंदूच्या दुखापतीच्या भरपाईचा आज जो दाखला सर्वत्र दिला जातो तो हरियाणातील एका मुलीचा आहे. २००७ साली ती बारा वर्षांची होती. आईवडिलांसोबत ट्रॅक्टरवर बसली असताना ट्रकने धडक दिली. मेंदूला इतकी इजा झाली की तिचे मानसिक वय नऊ महिन्यांच्या बाळाइतके राहिले. न्यायाधिकरणाने ११ लाख ८ हजार ५०१ रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते २५ लाख ७८ हजार ५०१ केले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. दीपक गुप्ता यांच्या पीठाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी ती रक्कम ६२ लाख २७ हजारांवर नेली, वर साडेसात टक्के व्याज. यातील एक बाब मला नेहमी विशेष वाटते. मुलीची शुश्रूषा आईच करणार, मग त्याचे पैसे कशाला, असा विचार न्यायालयाने केला नाही. दोन परिचारिकांचे प्रत्येकी पाच हजार असे महिना दहा हजार रुपये धरून, त्याला अठराने गुणून, केवळ शुश्रूषेपोटी २१ लाख ६० हजार दिले. आपल्या घरांत ही शुश्रूषा सुना आणि आया मुकाट्याने करतात, आणि ती कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. तिला मोल आहे, असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे.

हा ‘अठराने गुणणे’ प्रकार काय, असे वाचक विचारतील. आपण हिशोबाची माणसे आहोत, तेव्हा सांगतो. सरला वर्मा निकालाने (२००९) वयानुसार गुणक ठरवून दिले आहेत. पंधरा ते पंचविसासाठी अठरा, एकतीस ते पस्तिसासाठी सोळा, एकेचाळीस ते पंचेचाळिसासाठी चौदा, असे ते उतरत जातात. प्रणय सेठी निकालाने (२०१७) भविष्यातील वाढीची तरतूद केली, ती स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या चाळिशीखालील व्यक्तीसाठी उत्पन्नाच्या चाळीस टक्के आहे. मुलाचे विवरणपत्रातील उत्पन्न वर्षाला तीन लाख. त्यात चाळीस टक्के मिळवले की चार लाख वीस हजार. सोळाने गुणले की सदुसष्ट लाख वीस हजार. कमाईची क्षमता पूर्ण गेली असे ठरले तर ही रक्कम, चाळीस टक्केच गेली म्हटले तर सव्वीस लाख अठ्ठ्याऐंशी हजार. उपचार, शुश्रूषा, वेदना यांची रक्कम याहून वेगळी. त्या एका टक्क्याच्या प्रश्नावर किती अवलंबून आहे ते यावरून ध्यानी यावे.

हे गणित ऐकून बाबूजी खुर्चीत पुढे सरकले. “पण वकीलसाहेब, खरे उत्पन्न तीन लाख थोडेच होते? महिन्याचे पाऊण लाख तरी धरा.” मी विचारले, “विवरणपत्रात?” ते गप्प झाले. वाचकहो, या ठिकाणी आपल्यापैकी पुष्कळांना गप्प व्हावे लागेल. आयकराचे विवरणपत्र हा उत्पन्नाचा विश्वसनीय पुरावा म्हणून न्यायालये स्वीकारतात. म्हणूनच तेथे जे कमी दाखवले ते येथे वाढवून मागता येत नाही. मागील तारखांच्या पावत्या, नवे पगारपत्रक, ‘मुनीमजींकडून लिहून घेऊ’ असे मार्ग सुचवणारे लोक भेटतात. सत्य अणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत त्यांत कूटलेखक्रिया आहे, आणि व्यवहारातही उलटतपासणीत असा एक कागद खोटा ठरला की उरलेले शंभर खरे कागद संशयित होतात. आम्ही तीन लाखच मांडले.

विमा कंपनीने लेखी उत्तरात अपेक्षेप्रमाणे म्हटले की पेढी चालूच आहे, विक्री घटलेली नाही, मग नुकसान कसले? दुकान चालू आहे ते बाहत्तर वर्षांचे बाबूजी पुन्हा गल्ल्यावर बसले म्हणून आणि पगारी माणूस ठेवला म्हणून. मालमत्ता आणि धंदा कुटुंबाच्या हाती राहिला तरी चालवणाऱ्या माणसाचे कौशल्य गेले हे नुकसानच आहे, हा विचार सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालात मान्य केला आहे. गृहिणीविषयीही अशीच भूमिका आहे. घरकाम करणाऱ्या स्त्रीला उत्पन्न नाही म्हणून भरपाई नाही, हा युक्तिवाद केव्हाच मागे पडला, आणि जानेवारी २०२१ च्या निकालाने तिच्या मानीव उत्पन्नातही भविष्यातील वाढ धरण्यास मान्यता मिळाली.

आता त्या शाळकरी वहीकडे वळू. मुलगा घरी आल्यापासून सूनबाईने रोज रात्री दोन-तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या. ‘आज गॅस चालू ठेवून बाहेर गेले.’ ‘मुलीच्या शाळेचा रस्ता चुकले.’ ‘तेच वाक्य चार वेळा.’ ‘आज दिवस चांगला गेला, सामायिकला बसले.’ चांगले दिवसही तिने लिहिले होते, म्हणून त्या वहीचे वजन अधिक. मी त्यांना आणखी एक वही शोधायला सांगितले, पेढीचा रोजमेळ. अपघातापूर्वीच्या आश्विनातील त्याचे टपोरे, ओळीत बसलेले अक्षर आणि नंतरच्या फाल्गुनातील, रकाने ओलांडणारे, खोडाखोड केलेले अक्षर शेजारी शेजारी ठेवले. बाबूजी ती दोन पाने बराच वेळ पाहत होते. त्या दिवसानंतर ‘अशक्तपणा आहे’ हे वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकले नाही. पुढे मेंदू-मानसशास्त्राच्या तज्ज्ञाकडून स्मृती आणि एकाग्रतेच्या पद्धतशीर चाचण्या करून घेतल्या. केवळ प्रमाणपत्र जोडून भागत नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्षही व्हावी लागते, आणि डॉक्टरांना तारखेला आणणे हे या कामातील अवघड कष्टाचे काम आहे. मुलगा स्वतःचे हित समजू शकत नसेल तर पत्नी किंवा वडील वादमित्र म्हणून त्याच्या वतीने दावा चालवू शकतात. त्याच्याकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन ठेवण्याची घाई कोणी करू नये. बेशुद्धावस्थेतच राहिलेल्या रुग्णाच्या बँकेचे व पेढीचे व्यवहार पाहण्यासाठी उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, हे जाता जाता सांगतो.

मध्यंतरी राष्ट्रीय लोकअदालतीत कंपनीने तडजोडीचा प्रस्ताव ठेवला. नऊ लाख, महिनाभरात धनादेश. बाबूजींचे मन चळले. ‘मिळते ते घ्या, मोकळे व्हा’ असे बाजारातील चार जण म्हणाले. लोकअदालतीविषयी मला आदर आहे, मोडलेल्या हाडांची कित्येक प्रकरणे मी तेथे मिटवली आहेत. पण तेथील निवाड्यावर अपील नाही. अपंगत्वाचे प्रमाणपत्र हाती नसताना, फिट्स येतील की नाही हे माहीत नसताना, नऊ लाखांत सही करणे म्हणजे न पाहिलेल्या कोठीतील माल एकरकमी विकणे. हे शेवटी सूनबाईनेच ओळखले. “बाबूजी, दर महिन्याचे औषध साडेचार हजारांचे आहे,” एवढेच ती म्हणाली.

घरच्या मोटारीविषयी थोडे. चूक दुसऱ्या वाहनाची असेल तर त्याच्या विम्यातून भरपाई मिळते. पण मोटार आपलीच, चूकही आपल्याच चालकाची, आणि आत बसलेला भाऊ जखमी झाला तर? विमा सर्वसमावेशक असेल तर आत बसलेल्यांना संरक्षण मिळते, केवळ तृतीय पक्ष विमा असेल तर खासगी मोटारीतील सोबत्यांना मिळत नाही. हजार-दोन हजार वाचवण्यासाठी जुन्या मोटारीचा स्वस्त विमा घेणाऱ्यांनी हे पाहून ठेवावे. स्वतः निष्काळजीपणे चालवणाऱ्या मालकाला कलम १६६ खाली आपल्याच कंपनीकडे मागता येत नाही. त्याच्यासाठी पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळे असते. मालासोबत ट्रकमध्ये बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी, म्हणजे आपले मुनीमजी, यांना मात्र कायद्याने संरक्षण आहे. बिल्टी आणि अधिकारपत्र त्यांच्या खिशात असू द्यावे.

आपल्या मनात एक प्रश्न नेहमी असतो. विहारात असलेल्या साधू-साध्वींना वाहनाने धडक दिली तर? ज्यांनी संसारच सोडला त्यांचे उत्पन्न काय आणि वारस कोण? २०१४ साली मिझोराममधील एका ख्रिस्ती संन्यासी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, संन्यस्त सदस्याच्या मृत्यूबद्दल त्याची संस्था कायदेशीर प्रतिनिधी म्हणून भरपाई मागू शकते, असे ठरवले. आपल्या संघांनी या निकालाकडे लक्ष द्यावे. त्याहून आधी, पहाटेच्या विहारात सोबत चालणाऱ्या स्वयंसेवकांच्या अंगावर चमकणारे जाकीट असावे.

पैशांच्या काही गोष्टी राहिल्या. आरोग्य विम्यातून, म्हणजे मेडिक्लेममधून, रुग्णालयाचे बिल मिळाले असेल तर ते भरपाईतून वजा होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवले. ‘मिळेल त्याच्या वीस टक्के’ अशा बोलीवर दावा चालवणारे मध्यस्थ रुग्णालयाच्या दारात भेटतात. निकालातील टक्केवारीवर वकिलाने शुल्क ठरवणे नियमबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये एका मोटार अपघात दाव्याशी संबंधित प्रकरणातच म्हटले आहे. आमच्याच व्यवसायातील ही कीड आहे आणि ते लिहिताना मला लाज वाटते. आणि व्याज? मुंबईत १९७८ साली मोटारीने उडवलेल्या, आयुष्यभरासाठी अपंग झालेल्या एका लहान मुलाला उच्च न्यायालयाकडून वाढीव भरपाई २०१४ मध्ये मिळाली. इतक्या वर्षांच्या व्याजावर आयकर लागेल काय, या प्रश्नासाठी त्याला पुन्हा न्यायालयात जावे लागले, आणि निवाड्यापर्यंतचे व्याज हे करपात्र उत्पन्न नव्हे, असे २०१९ मध्ये ठरले. ताज्या तरतुदी आपल्या सीएकडून तपासून घ्याव्यात. पण १९७८ ते २०१९ हा काळ वाचताना वाचक थबकले असतील, तर थबकण्यासारखाच तो आहे. न्यायाला विलंब लागतो. दावा लवकर आणि नीट दाखल करावा याचे तेही एक कारण.

रक्कम मिळाल्यावर न्यायाधिकरण तिचा मोठा भाग बँकेत मुदतठेव म्हणून ठेवते आणि दरमहा व्याज देते. व्यापारी मनाला हे रुचत नाही. ‘सहा टक्क्यांवर पैसा निजवून ठेवण्यापेक्षा हंगामात सोयाबीनला लावला असता’ असे मला एकाने ऐकवले. मी त्यांना सत्य अणुव्रताच्याच अतिचारांतील आणखी एका नावाची आठवण दिली : न्यासापहार. तो पैसा पेढीचा नाही, बाबूजींचा नाही, धाकट्या भावाच्या नव्या गोदामाचा तर नाहीच. जो उद्या आपला हिशोब मागू शकणार नाही, त्याची ती ठेव आहे.

बाबूजी आता प्रत्येक तारखेला स्वतः येतात. न्यायालयाच्या आवारात एकदा तो ट्रकचालकही भेटला. बाबूजींनी त्याला चहा पाजला आणि त्याच्या मुलांची चौकशी केली. पुढील तारीख या महिन्याच्या सत्तावीसला आहे. त्या दिवशी मेंदू-शल्यचिकित्सकांची साक्ष व्हायची आहे, आणि दोन्ही वह्या, रोजमेळ आणि ती शाळकरी वही, सूनबाई सोबत घेऊन येणार आहे.